कानामागून आलेलं इंग्रजी

आमच्या वर्गात येणाऱ्या बहुतेकांना इंग्रजी वाचता येतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण ‘मोठी माणसं इंग्रजी शिकायला येतात’ म्हटलं की ऐकणाऱ्याला एबीसीडी गिरवणारी मंडळी दिसायला लागतात. तसं काही नाही. औषधाच्या खोक्यावरची सूचना, बँकेचा मेसेज, सोसायटीची नोटीस, मुलाच्या शाळेचं सर्क्युलर हे सगळं अडखळत का होईना, वाचून होतं आणि अर्थही बरोबर लागतो. गाडी अडते ती पुढे. तीच नोटीस कुणी फोनवर वाचून दाखवली की काही म्हणजे काही कळत नाही.

परळला एका गणेशोत्सव मंडळाच्या कार्यालयात आम्ही संध्याकाळचे जमतो. गणपतीच्या आधी नि नंतर वर्ग बंद असतो, कारण खोलीत मखराचं थर्माकोल, झांजा आणि पावतीपुस्तकांचे गठ्ठे येऊन बसतात. मी काही शिक्षिका नव्हे. बँकेत नोकरी केली, निवृत्त झाले, आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या दोघींना इंटरव्ह्यूची तयारी करून दिली त्यातून हे सुरू झालं. आता येणाऱ्यांत एका खासगी हॉस्पिटलातली नर्स आहे, मिलच्या जागेवर झालेल्या टॉवरचा सिक्युरिटी सुपरवायझर आहे, ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या सख्ख्या जावा आहेत, आणि मुलं इंग्रजी माध्यमात घातलेल्या बऱ्याच आया आहेत. सगळे मला मॅडम म्हणतात. थोरली जाऊ मधूनच चुकून ‘बाई’ म्हणते आणि जीभ चावते. मला खरं तर बाईच आवडतं.

तर ती नर्स. इन्शुरन्सवाल्यांचे फोन वॉर्डात तिलाच घ्यावे लागतात. एकदा वर्गात आली तीच करवादून, “मॅडम, तो माणूस इंग्रजी बोलतच नव्हता.” मी म्हटलं, काय ऐकू आलं तेवढं सांग, अर्थाचं राहू दे. तिनं डोळे मिटून सांगितलं, “कुजूहोल्डॉनफरसेक.” मी फळ्यावर वाक्य सुटं करून लिहिलं. कुड, यू, होल्ड, ऑन, फॉर, अ, सेक. तिनं वाचलं, तिथल्या तिथे मराठीत सांगितलं, जरा थांबता का म्हणून विचारत होता. मग माझ्याकडे बघत राहिली.

“एवढंच?”

“एवढंच.”

“मग तसं बोलायचं ना त्यानं!”

वर्ग हसला, पण तिचा मुद्दा मला अजून सोडत नाही. शेवटचा ‘सेक’, म्हणजे सेकंद, सोडला तर त्यातला प्रत्येक शब्द तिला शाळेपासून माहीत होता. व्याकरणात अडण्यासारखं काही नव्हतं. तिला जे येत होतं ते डोळ्यांना येत होतं, कानांना नाही. आणि मला वाटतं, मराठी माध्यमातून आलेल्या आपल्यातल्या बहुतेकांचं इंग्रजी हे असंच आहे. शब्द कमी पडतात, काळ चुकतात, प्रिपोझिशन विसरतात या तक्रारी सगळे करतात. कान तयार झालेला नाही, ही तक्रार कुणी करत नाही, कारण कान तयार करावा लागतो हे कुणी सांगितलेलंच नसतं.

मुंबईत इंग्रजी आलं तेच मुळी कागदावरून. ६ जानेवारी १८३२ला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केला. मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र म्हणून आपण तो दिवस पत्रकार दिन म्हणून पाळतो. पण त्या पत्राचं रूप कसं होतं हे पाहण्यासारखं आहे. एका स्तंभात इंग्रजी, शेजारच्या स्तंभात मराठी. देशबांधवांना इंग्रजी विद्येची गोडी लागावी हाही त्यामागचा एक हेतू होता. म्हणजे आपलं पहिलं वर्तमानपत्र हे एका अर्थी भाषा शिकायचं साधनही होतं. डावीकडून उजवीकडे नजर टाकायची, हा शब्द त्या शब्दाच्या जागी आला हे ताडायचं. विशीतल्या माणसानं हे केलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्यानंतर इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरणारा मेकॉलेचा १८३५चा खलिता आला, १८५७ साली मुंबई विद्यापीठ आलं. शिकलेल्या माणसाला नोकरी मिळायची ती कचेरीत. तिथे पत्र यायचं, मसुदा व्हायचा, साहेबाची सही व्हायची. कचेरीला कारकुनाची लेखणी हवी होती, त्याची जीभ नव्हे. मग शिकवण्याची रीतही तशीच बसली. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आजोबांच्या, वडिलांच्या पिढीनं झिजवली, ती याच कामासाठी. मराठी वाक्य दिलंय, इंग्रजी करा. इंग्रजी दिलंय, मराठी करा. आज त्या पद्धतीला नावं ठेवायची फॅशन आहे. मला ते पटत नाही. ज्या कामासाठी ती होती ते काम तिनं चोख केलं. माझे सासरे सरकारी खात्यात हेडक्लार्क होते. त्यांनी लिहिलेल्या मसुद्यात साहेबाला स्वल्पविराम बदलावा लागत नसे, असं त्यांचे सहकारी सांगायचे. तेच सासरे टेबलावरचा फोन वाजला की फाइल घेऊन दुसऱ्या खोलीत जायचे. हेही सहकारीच सांगायचे.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. बाई एक वाक्य वाचायच्या आणि श्वास न घेता त्याचा मराठी अर्थ सांगायच्या. त्यामुळे इंग्रजी वाक्य कानावर पडायचं ते मराठीचं प्रास्ताविक म्हणून. खरा मजकूर मराठीतच असायचा. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. वय खाली आलं हे चांगलंच झालं. पण वर्गात येणाऱ्या तिशीच्या आतल्या मुलामुलींना मी विचारते तेव्हा त्यांनाही आठवतं ते धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं उतरवून घेणं. नोकऱ्या मात्र दरम्यान कागदावरून उठून फोनवर, काउंटरवर आणि हेडफोनमध्ये जाऊन बसल्या.

आता त्या ‘कुजू’कडे परत येते, कारण खरी गंमत तिथे आहे. मराठी बोलताना आपण प्रत्येक अक्षराला साधारण सारखा वेळ देतो. इंग्रजीत तसं नसतं. तिथे शब्दातल्या एका अवयवावर, म्हणजे सिलेबलवर, सगळा भार पडतो, बाकीचे अंग चोरून घेतात. आपण ‘कम्फर्टेबल’ म्हणताना चारही अवयव नीट मोजून देतो. ते लोक ‘कम्फ्टबल’ म्हणून मोकळे होतात. ‘व्हेजिटेबल’चं ‘व्हेज्टबल’ होतं. ‘फोटोग्राफ’मध्ये भार पहिल्या अवयवावर असतो, ‘फटॉग्रफर’ म्हणताना तो दुसऱ्यावर सरकतो, आणि सरकताना आजूबाजूचे सगळे स्वर बदलून टाकतो. वाक्याचंही तेच. महत्त्वाचे शब्द ठसठशीत येतात, बारके शब्द विरघळतात.

यातलं एक उदाहरण तर पोटापाण्याशी जोडलेलं आहे. ‘मी येऊ शकतो’ आणि ‘मी येऊ शकत नाही’. पाठ्यपुस्तकात फरक सोपा आहे, ‘कॅन’ आणि ‘कांट’. पण बोलताना होकारातला ‘कॅन’ सहसा ‘कॅन’ राहतच नाही. ‘आय कन्कम’ असं काहीतरी होतं, आणि भार ‘कम’वर जातो. नकारातला ‘कांट’ मात्र सगळा भार आपल्याकडे ठेवतो, आणि त्याचा शेवटचा ‘ट’ बऱ्याचदा ऐकूच येत नाही. जो माणूस त्या ‘ट’ची वाट बघत बसलाय त्याला होकार-नकार कळायचा कसा? आमचे सुपरवायझर ठासून ‘आय कॅन कम’ म्हणायचे, ‘कॅन’वर जोर देऊन, आणि त्यांच्या मॅनेजरला ते नाही म्हणतायत असं वाटायचं. ड्यूटीचा घोळ व्हायचा. वर्गात आम्ही ही दोन वाक्यं टेबलावर थाप मारत म्हटली. थाप कुठे पडते तेवढं ऐकायचं, शब्दांकडे लक्ष द्यायचं नाही. टेबल मंडळाचं होतं, तेही दणकट.

हे सांगितलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली, “म्हणजे ते लोक धड बोलत नाहीत.” इथे मी मराठीच पुढे करते. ‘येणार आहेस का’ असं कोण बोलतं? ‘येणारेस का’ बोलतो आपण. ‘जाऊ दे’चं ‘जौदे’ करतो. ‘बसलेली’ लिहितो आणि ‘बस्लेली’ म्हणतो. ‘करवत’मधला ‘र’ लिहिताना पूर्ण, बोलताना अर्धा. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, आणि बाहेरून आलेल्या माणसाला मराठी शिकताना इथेच घाम फुटतो. थोरल्या जाऊबाईंनी त्यावर निकाल दिला, “म्हणजे तेपण आपल्यासारखीच अक्षरं खातात.” त्या दिवसापासून वर्गात ‘इथे काय खाल्लं?’ हा रूढ प्रश्न आहे. ऑडिओ लावायचा, थांबवायचा, विचारायचं, काय खाल्लं?

एक गोष्ट मात्र मराठी माणसाच्या बाजूची आहे आणि ती आपण कधी मोजत नाही. आपल्याकडे ‘जीव’मधला ज वेगळा आणि ‘जाड’मधला वेगळा, त्यामुळे ‘झीरो’ नि ‘झू’साठी लागणारी जिभेची जागा आपल्या ओळखीची आहे. ‘वॉच’ आणि ‘व्हॅन’ आपण लिहितानाच वेगळे लिहितो. ‘बॅट’ आणि ‘बॉल’साठी तर लिपीत खास चिन्हंच घेतलीत. ‘स्कूल’च्या आधी आपल्याला ‘इ’ लावावा लागत नाही. म्हणजे सुटे आवाज बरेचसे हातात आहेत. अडचण आहे ती तालाची.

आणि स्पेलिंगची. स्पेलिंगबद्दल मी वर्गात जरा जास्तच बोलते असा माझ्यावर आरोप आहे. पण इंग्रजीत स्पेलिंग म्हणजे जुन्या चाळीतल्या दारावरची पाटी. नाव तेच आहे, आतलं बिऱ्हाड कधीच बदललंय. झालं असं की विल्यम कॅक्स्टननं १४७६ साली लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि शब्दांची छापील रूपं हळूहळू घट्ट होत गेली. नेमक्या त्याच काळात, साधारण १४०० ते १७०० या तीनेकशे वर्षांत, इंग्रजीतले दीर्घ स्वर एकामागोमाग एक जागा बदलत होते. लोक वेगळं बोलायला लागले, कागदावर जुनंच राहिलं. ‘नाइफ’च्या सुरुवातीचा ‘के’ एके काळी खरोखर उच्चारला जायचा. ‘डेट’, म्हणजे कर्ज, यातला ‘बी’ तर कधीच उच्चारात नव्हता. शब्द फ्रेंचमधून आला तो ‘बी’शिवायच. नंतरच्या पंडितांना त्याचं लॅटिन मूळ दाखवायचा सोस आला, म्हणून त्यांनी तो मध्ये खुपसला. हे ऐकून वर्गातल्या एका आईनं जे समाधान व्यक्त केलं ते पाहण्यासारखं होतं. तिच्या मुलाचा त्याच शब्दावर अर्धा मार्क गेला होता. चूक मुलाची नसून पंडितांची आहे, हे तिनं घरी जाऊन सांगितलं असणार.

देवनागरीत वाढलेल्या माणसाला स्पेलिंगवर विश्वास ठेवायची सवय असते. लिहिलंय तसं वाच, एवढाच नियम आपण लहानपणी शिकतो आणि तो बराचसा चालतो. इंग्रजीत त्याच सवयीनं घात होतो. म्हणून माझा एक हट्ट आहे. नवा शब्द आधी ऐकायचा, दोन-तीनदा म्हणायचा, मगच त्याचं तोंड बघायचं. आधी स्पेलिंग बघितलं की ते कानात जाऊन बसतं आणि मग खरा आवाज आत शिरत नाही.

लाजेबद्दल थोडं बोलायला हवं, नाहीतर हे सगळं उच्चारशास्त्र होऊन बसेल. मुंबईत माणूस दिवसभरात किती भाषा वाकड्यातिकड्या बोलतो! भाजीवाल्याशी भय्या हिंदी, दुकानदाराशी दोन गुजराती वाक्यं, रिक्षावाल्याशी आणखी काही. आपलं हिंदी तर काय वर्णावं, लिंग-वचन वाऱ्यावर. पण त्यापायी कुणाचं तोंड बंद झालेलं मी पाहिलेलं नाही. इंग्रजी निघालं की तोच बडबड्या माणूस कसनुसा होतो. कारण इंग्रजी चुकलं तर नुसती भाषा चुकत नाही, शाळा कळते, घर कळतं, बापाचा पगार कळतो. लोअर परळच्या काचेच्या इमारतीत लिफ्टमध्ये शिरताना आमच्या जावांपैकी धाकटी गप्प होते. ती घरी जाऊन फेशियल करून देते, तिच्या हातचं काम त्या बायकांना हवं असतं, पैसेही बरे मिळतात. तरी लिफ्टमध्ये कुणी ‘विच फ्लोअर?’ विचारलं तर ती बोटानं आकडा दाबते आणि हसते. तिला ‘ट्वेल्थ’ म्हणता येत नाही असं नाही. तो ‘ल्फ्थ’ जमेल की नाही याची ती आधी मनात रंगीत तालीम करते, आणि तोवर मजला येतो.

या लाजेवर धंदा चालतो. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या त्या जाहिराती बघा, तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी. फाडफाड हा शब्दच मला खटकतो. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलानं अशा एका क्लासला चांगले पैसे भरले होते. तिथे त्याच्याकडून ‘स्वतःबद्दल सांगा’ या प्रश्नाचं उत्तर पाठ करून घेतलं. उत्तर सुरेख होतं. इंटरव्ह्यूमध्ये समोरच्यानं त्याला मध्येच तोडून विचारलं, घरून यायला किती वेळ लागला. पाठांतरात तो प्रश्न नव्हता. बोलणं म्हणजे निम्मं ऐकणं असतं, आणि पाठांतराला कान नसतात.

मग करायचं काय, असं मला लोक विचारतात, आणि ॲपचं नाव ऐकायच्या तयारीत असतात. ॲप सांगते मी, पण नंतर. आधी लोकल. लोकलमधली घोषणा हा मुंबईनं आपल्याला फुकट दिलेला पाठ आहे. पुढील स्टेशन, अगला स्टेशन, नेक्स्ट स्टेशन. एकच गोष्ट तीन भाषांत, एकामागून एक, अर्थ आधीच ठाऊक. बाळशास्त्रींचे दोन स्तंभ डोळ्यांसाठी होते, हे तीन स्तंभ कानांसाठी. अंबरनाथहून येणाऱ्या आमच्या एका मुलीला मी सांगितलं, घोषणा संपली की तिच्याच चालीत मनातल्या मनात इंग्रजी वाक्य परत म्हण. डब्यात मोठ्यानं म्हणू नकोस, बायका जागा देतील पण वेगळ्या कारणासाठी.

दुसरं क्रिकेट. हे मी कौतुकानं सांगते, कारण पुरुषमंडळींना यासारखं औषध नाही. आमच्या लहानपणी गॅलरीत ट्रान्झिस्टर असायचा आणि कॉमेंट्री आळीपाळीनं इंग्रजी नि हिंदीतून यायची. इंग्रजीची पाळी आली म्हणून कुणी ट्रान्झिस्टर बंद करत नसे. अर्थ कळायचा, कारण खेळ कळायचा. बॉल कुठे पडला, कोण धावलं, ओरडा का झाला, हे सगळं ठाऊक असल्यावर कान आपोआप शब्द पकडतो. ज्या विषयातलं आपल्याला आधीच पुष्कळ कळतं तोच विषय इंग्रजीत ऐकायचा, हे त्यामागचं सूत्र. जावा मेकअपचे व्हिडिओ ऐकतात. नर्सला मी जखमेच्या ड्रेसिंगचे व्हिडिओ ऐकायला लावले. बातम्या आणि अग्रलेखांच्या वाटेला मी कुणाला जाऊ देत नाही. ‘रोज अग्रलेख वाच’ हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. त्यानं मसुदे सुधारतात, फोन नाही.

व्हिडिओसाठी आमची रीत अशी. आधी सबटायटल बंद ठेवून अर्धा-पाऊण मिनिट ऐकायचं. कानाला आलं तसं देवनागरीत वहीत उतरवायचं, चुकीचं, वेडंवाकडं, ‘कुजू’सारखं. मग वेग पाऊणपट करून पुन्हा. मग सबटायटल लावून ताडायचं, कुठे काय खाल्लं ते. शेवटी बोलणाऱ्याच्या पाठोपाठ, त्याच्या शेपटीला धरून, थांबा न घेता बोलायचं. तोंड दुखतं. दुखू दे. यातली देवनागरीची पायरी काही जाणकारांना आवडणार नाही, उच्चार बिघडतात म्हणून. माझा अनुभव उलटा आहे. स्पेलिंगच्या दहशतीशिवाय कानाला आलेलं लिहायची आपल्याकडे ही एकमेव लिपी आहे, मग का नाही वापरायची?

डिक्शनरी मात्र हवी, आणि इंग्रजी-मराठी नव्हे, शिकणाऱ्यांसाठी केलेली इंग्रजी-इंग्रजी. अशा डिक्शनरीचा जन्म इंग्लंडमधला नाही हे कळल्यावर मला मजा वाटली होती. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. शिकणाऱ्याला शब्दाच्या अर्थापेक्षा तो वापरायचा कसा हे कळत नाही, हे त्यांनी तिथे पाहिलं. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला कोश १९४२ साली जपानमध्येच निघाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डनं काढला. आज त्याचीच वंशावळ फोनमध्ये फुकट मिळते, वर उच्चाराचं बटण. त्या बटणासाठी मी डिक्शनरी उघडायला सांगते. अर्थ बऱ्याचदा आपण अंदाजानं काढलेलाच असतो.

शब्दसंग्रहाची हाय खाण्याचं कारण नाही. मायकल वेस्ट नावाचे एक शिक्षक ढाक्यात काम करायचे. मुलांना वाचायला मोजक्या शब्दांतली पुस्तकं द्यावीत हा विचार त्यांनी तिथे रुजवला, आणि पुढे १९५३ साली सर्वांत उपयोगी अशा सुमारे २००० शब्दांची यादी दिली. साध्या लेखी इंग्रजीतले शंभरातले साधारण ऐंशी शब्द त्या यादीतच सापडतात. माझ्या वर्गात ही यादी बहुतेकांना वाचता येते. ऐकून ओळखायला सांगितली की निम्मी गळते.

विसरण्यावरचा उपाय मात्र जुना आणि पक्का आहे. हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्यानं उडतं, आणि अंतर ठेवून उजळणी केली तर टिकतं. सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकारानं १९७२ साली त्याचा खोका केला. पाच कप्पे, आलेला शब्द पुढच्या कप्प्यात, न आलेला परत पहिल्यात, आणि पुढचे कप्पे जरा सावकाश उघडायचे. अंकी हे त्याच कामाचं ॲप २००६पासून आहे, कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइड फोनवर फुकट. आमच्याकडे जुन्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या करतात आणि मिठाईच्या खोक्यात पुठ्ठे लावून कप्पे. धाकटीच्या एका चिठ्ठीमागे ‘आमच्या काकांच्या लग्नाला यायचं हं’ असं अजून वाचता येतं.

आर्टिकलं, प्रिपोझिशनं यावर मी वेळ घालवत नाही. ‘सिन्स टेन इयर्स’ म्हटल्यानं मुंबईत कुणाचं काही अडलेलं नाही. लेखी परीक्षा द्यायची असेल तर रेन अँड मार्टिनचं व्याकरणाचं पुस्तक आहेच, कुठल्याही फुटपाथवर मिळतं.

गुगल ट्रान्सलेटमध्ये मराठी २०१३ साली आली, तेव्हापासून मेल लिहिण्याची धास्ती पुष्कळ कमी झाली. आता एआयशी बोलायचीही सोय झालीय. लाजाळू माणसाला हे वरदान आहे, यात शंका नाही. तिथे लिफ्ट नाही, समोरच्याची भुवई नाही, रात्री अकरा वाजता कितीही चुकीचं बोला. धाकटी जाऊ आता फोनशी घडाघडा बोलते. पण त्या फोनचा एक दोष आहे, तो फार सज्जन आहे. तुमचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबतो, चुकलेलं समजून घेतो, स्पष्ट बोलतो, मागे कुकर वाजत नाही. हॉस्पिटलच्या काउंटरवर असं कुणी थांबत नाही. म्हणून वर्गात आम्ही पाठीला पाठ लावून बसतो, पंखा फुल्ल ठेवतो, आणि एकानं मुद्दाम मध्ये मध्ये बोलायचं. नर्सनं सगळ्यांकडून एक वाक्य घोटून घेतलंय, ‘सॉरी, आय मिस्ड दॅट, वन्स मोअर प्लीज.’ ती म्हणते, व्याकरणातलं सगळं सोडा, एवढं आलं की अर्धी ड्यूटी निभते.

यातून एक नवाच प्रश्न उभा राहिला, तो सुपरवायझरनं काढला. “मॅडम, मोबाइलमधली बाई मला समजते. आमच्या सी विंगमधले पारशी आजोबा समजत नाहीत.” प्रश्न रास्त होता. आपण कान तयार करतो तो लंडन-अमेरिकेच्या आवाजावर, आणि ऐकायचं असतं ते मुंबईतलं इंग्रजी. तेही एक नाही. वांद्र्याच्या कॅथलिक मावशीचं निराळं, माटुंग्याच्या तमिळ मॅनेजरचं निराळं, आजोबांचं आणखी निराळं, कॉल सेंटरमध्ये काम करून आलेल्या पोरांचं तर घडीघडीला बदलणारं. यासाठी कुठलंही ॲप नाही, असलं तर मला माहीत करून घ्यायचंय. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला रोज गेटवर उभ्या उभ्या एवढी माणसं मिळतात, वही करा.

त्यांनी वही केली. व्हिजिटर रजिस्टरसारख्या रेघा आखून, विंगवार. ए विंग, आठवा मजला, मॅडम भरभर बोलतात पण विचारलं तर दुसऱ्यांदा हळू सांगतात. बी विंग, सर शेवटचा शब्द खातात, ‘पार्सल’ की ‘पार्किंग’ हे हातवाऱ्यावरून बघणे. सी विंग, आजोबा, आधी ‘डिक्रा’ म्हणतात, मग इंग्रजी, मग गुजराती, मग पुन्हा इंग्रजी. सकाळी चालून आल्यावर बोलल्यास जास्त समजतं. डी विंगचं पान अजून कोरं आहे. तिथले सगळे त्यांच्याशी हिंदीतच बोलतात, त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली तरी.